मोठ्या लोकांचा आजार

चंपाला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. रत्नागिरीत काजूच्या कारखान्यात दिवसभर सोलणी करून आली, तरी अंगण झाडायला घ्यायची. "तुझ्या पायाला भिंगरी हाय," नवरा म्हणायचा. नवरा हरिश्चंद्र मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर. शेठ समुद्राकाठच्या इमारतीत राहायचे. हा टेकडीवरच्या झोपडपट्टीत, गावाकडच्या वाडीतल्याच स्वरूपबरोबर एका खोलीत.

शिमग्याला घरी आला तेव्हा त्याने शेठची हकिकत रंगवून सांगितली. गाडीत बसल्या बसल्या शेठचं तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. हरिश्चंद्रने गाडी थेट मोठ्या इस्पितळात घातली. तिथे लगेच मेंदूचा फोटो काढला, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. शेठ पुन्हा हिंडायला-फिरायला लागले.

पुढे पावसाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला. चंपा डबा भरत होती. त्याचे शब्द एकमेकांत अडकत होते.

"नीट बोला. काय झालाय?"

"हात झोपलाय. गॅस असंल. सोडा घेतलाय. पडतो जरा."

"पडू नका. शेठना झालेलं तेच हाय हे," चंपा म्हणाली.

"तो मोठ्या लोकांचा आजार," तो कसाबसा म्हणाला आणि फोन बंद झाला.

डबा तसाच राहिला. ती स्वरूपला फोन लावत सुटली. तो कामावर होता, उचलेना. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून स्टँडवर, चालता चालता लावतच राहिली. मुंबईच्या गाडीत बसल्यावर कुठे त्याने उचलला. तो धावत खोलीवर गेला. रुग्णवाहिका टेकडीवर चढेना. चौघांनी हरिश्चंद्रला चादरीत घालून खाली आणलं. पहिल्या इस्पितळातलं मेंदूच्या फोटोचं यंत्र बंद होतं. दुसऱ्यात रांग. चंपाची गाडी चिपळूण सोडून पुढे गेली तेव्हा स्वरूप फोनवर म्हणाला, "काकी, डॉक्टर बोलतात, इंजेक्शनची वेळ निघून गेली."

ती पोचली तेव्हा हरिश्चंद्रचे डोळे उघडे होते; तिला ओळखलं की नाही, कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

स्मशानात शेठ आले. त्यांचे डोळे भरले होते. "मला एक फोन केला असता तर..."

"त्यांनी स्वतःसाठी तुम्हाला कधी फोन केलावता काय?" चंपाने विचारलं. शेठना आठवेना.

गावी परतल्यावर तिला घर खायला उठलं. कारखान्यात हात सोलत राहायचे, मन मुंबईत. वाडीतले कितीतरी पुरुष तिकडेच होते. कोणी वॉचमन, कोणी हमाल. रविवार आला की ती एकेकाला फोन लावायची.

"जय भीम. दोन्ही हात वर कर. एखादा खाली पडतो काय? बीपी बघितलास?"

काही जण हसायचे, काही उचलायचेच नाहीत. वॉचमन भागोजी वैतागला. "वहिनी, ड्युटीवर हाय मी."

"मग ड्युटीवरच कर."

तिच्या कटकटीला कंटाळून तो एकदाचा दवाखान्यात गेला. बीपी एवढं वाढलेलं, की डॉक्टरने घरी सोडलंच नाही. आता गोळी चालू आहे. पण बरं वाटलं की तो ती मधेच बंद करतो.

"आज गोळी घेतलीस?"

"घेतो, जेवल्यावर."

"आत्ता घे. मी थांबते," चंपा म्हणाली आणि फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत राहिली.