बिननावाच्या क्लबचा नामदिवस

वेल्टा झुटेरेला देवाने आवाज दिला तो मुळात पोस्टातल्या पार्सलांसाठी. लॅटव्हियातल्या वेत्राइने गावच्या पोस्टात ती खिडकीवर बसायची आणि ज्याचं पार्सल आलं असेल त्याचं नाव अशा खणखणीत सुरात पुकारायची, की रस्त्यावरून जाणाराही आपलं काही आलंय का ते बघायला आत डोकावायचा. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष एकदा बुटांचं पार्सल न्यायला आला, स्वतःचं नाव ऐकून दचकला आणि म्हणाला, "बाई, शनिवारी आमच्या क्लबच्या सामन्याला मैदानावर या. समुद्राच्या वाऱ्यात आमचा माइक कुणाला ऐकूच जात नाही. तुम्हाला बहुतेक माइक लागणारही नाही."

ती गेली ती कायमचीच. फुटबॉलमधलं तिला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पण नावं पुकारायची होती, आणि त्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. राखीव गोलरक्षक ओयार्सचं नाव यादीत सगळ्यात शेवटी यायचं, आणि शेवटचं नाव जरा लांबवायची तिला खोड होती. ओयार्सने त्या लांबवण्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला आणि दोघांचं लग्न झालं. पुढे तो एकही सामना खेळला नाही ही गोष्ट वेगळी. आता तो घरामागच्या खोपटात मासे धुरावतो, आणि क्लबविषयी त्याला मत विचारलं नाही तरी देतो.

क्लबचं तेव्हाचं नाव 'झ्वेयनिएक्स', म्हणजे मच्छीमार. साधं, सरळ, माशाचा वास असलेलं नाव. मग देश स्वतंत्र झाला, संस्था मोडली आणि क्लबच्या नावाला पाय फुटले. आधी एका बँकेने क्लब घेतला. बँकेचं नाव 'उझ्टिसीबा', म्हणजे विश्वास, म्हणून क्लबही 'विश्वास'. "विश्वास मैदानात उतरत आहे," असं वेल्टा मोठ्या भारदस्तपणे सांगायची आणि लोक टोप्या काढायचे. बँक बुडाली त्या आठवड्यात संघ परगावी होता. तिथल्या प्रेक्षकांनी नव्वद मिनिटं एकच विचारलं, "अरे, विश्वास कुठे गेला?" गोलरक्षक इतका खजील झाला की हसऱ्या लोकांकडे बघता बघता त्याने तीन चेंडू आत सोडले.

त्यानंतर आला लाकडाचा व्यापारी. तरुण, गोरागोमटा, आणि नुकतंच लग्न झालेला, हेच वाईट. त्याने क्लबला बायकोचं नाव दिलं, 'साबिने'. अकरा दणकट पुरुष छातीवर 'साबिने' लिहून चिखलात लोळायचे. वेल्टाला ते नाव घेताना हसू आवरायचं नाही. ती माइकवर हात ठेवून हसायची आणि मग पुढे वाचायची. हंगाम अर्धा झाला आणि त्या दोघांचा घटस्फोट झाला. व्यापाऱ्याने निरोप धाडला, की आजपासून ते नाव कुणी माझ्यासमोर घ्यायचं नाही. पण ठरलेले सामने त्याच नावाने खेळायचे होते. मग वेल्टा म्हणायची, "मैदानात येत आहेत... तुम्हाला ठाऊक आहेतच." सगळं मैदान ओरडायचं, "साबिने." व्यापारी व्हीआयपी खुर्चीत डोकं धरून बसायचा.

त्याच्या मागून गोठवलेले पेल्मेनी विकणारा आला. पेल्मेनी म्हणजे सारण भरलेली छोटी उकडीची पुडकी. क्लबचं नाव 'गरम पेल्मेनी' झालं, आणि विश्वास बसणार नाही, पण त्याच वर्षी संघ तिसरा आला. जिंकलेल्या प्रत्येक सामन्यानंतर मोठ्या भांड्यातून आंबट सायीसकट पेल्मेनी वाटले जायचे, आणि आपला बचावपटू भांड्याकडे बघून खेळतो असा ओयार्सचा पक्का आरोप होता. शेवटी कुठल्याशा दूरच्या संगणककंपनीच्या माणसाने क्लब घेतला. तो कुणाला कधी दिसला नाही. त्याने ठेवलेलं नाव अक्षरांचं आणि आकड्यांचं होतं. वेल्टा ते पुकारायची तेव्हा पार्किंगमधले लोक आपल्या गाडीचा नंबर पुकारला असं समजून धावायचे.

गेल्या हिवाळ्यात तोही गायब झाला, जाताना नाव घेऊन गेला. आणि मार्चमध्ये आला पोर्तुगालचा एन्रिके काल्दास.

काल्दास सार्डिन मासळीच्या डब्यांचा माणूस. आमचं गाव श्प्रोतेंचं, म्हणजे बोटभर लांबीच्या, तेलात बुडवलेल्या धुरकट मासोळ्यांचं. सार्डिनवाला श्प्रोतेंच्या गावात फुटबॉलचा क्लब घेतो, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे असं बंदरावर सगळ्यांचं मत पडलं. त्याची दुभाषी कितिया, राजधानी रीगाची चुणचुणीत बाई, हिने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं, "साहेब वसंत बघणार. मेअखेरीला ठरवणार, संघ इथेच ठेवायचा की लीगमधली जागा रीगाच्या एका क्लबला द्यायची. तोवर नाव नाही."

म्हणजे मेअखेरीपर्यंत क्लब होता, पुढे असेल की नाही ते ठाऊक नव्हतं. वेल्टाची झोप उडाली. चाळीस वर्षांत नावं आली नि गेली, तिला त्याचं काही नव्हतं. पण पुकारायला संघच नसेल तर शनिवारी दुपारी माणसाने करायचं काय, हे तिला सुचेना. ओयार्स म्हणाला, "मला पुकार." ती म्हणाली, "तू पुकारल्यावर येतोस कधी?"

मार्चअखेरीच्या पहिल्या सामन्याला काल्दास झकास कोट घालून मैदानात आला आणि सर्वांसमोर त्याने वेल्टाच्या हातात लाल गुलाबांचा मोठा गुच्छ दिला. वाकून तिचा हातही चुंबला. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. कारण लॅटव्हियन माणूस फुलं बघतो म्हणजे आधी मोजतो. मोजतोय हे त्याला कळतही नाही. वेल्टाने मोजली. ओयार्सने मोजली. अख्ख्या मैदानाने मोजली.

बारा होती.

जिवंत माणसाला विषम फुलं. सम फुलं फक्त मयताला. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि हा माणूस सर्वांच्या देखत बारा गुलाब हातात देऊन गोड हसत होता.  वेल्टाने माइक हातात घेतला आणि "यजमान संघ" एवढंच म्हणाली.

"ह्याने सांगून टाकलं," ओयार्स घरी येताना म्हणाला. "तोंडाने नाही बोलला, फुलांनी बोलला. क्लब पुरायचा ठरलाय."

"किंवा मला काढायचं ठरलंय."

"तुला काढायला चारच पुरली असती. बारा म्हणजे सगळा संघ आणि वर एक तू."

बरं, जाऊन विचारावं, तर कुणी विचारेना. आम्ही तसले लोक नाही. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आम्ही आधी खाकरतो. दुसऱ्या दिवसापासून गाव काल्दासशी सुतकातल्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागलं. बेकरीवाली त्याला पाव देताना आवाज उतरवायची. कर्णधार गिंत्स त्याला पाहिलं की टोपी काढून जमिनीकडे बघायचा. सरावालाही मुलं मान खाली घालून धावायची. ढोल वाजवणाऱ्या टोळक्याने ढोल घरी ठेवले, म्हणाले, बरं दिसत नाही. काल्दास बिचारा रोज थोडा थोडा वाळत चालला.

असा मे अर्धा सरला. बावीस तारखेच्या सकाळी वेल्टा बटाटे सोलत होती आणि रेडिओवर नेहमीसारखी आजची नावं सांगत होते. आमच्या कॅलेंडरात रोज कुणाकुणाचा नामदिवस असतो. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाकडे ज्याला वाटेल तो फुलं घेऊन जातो. बोलावणं कुणी करत नाही. यजमानाने केक तयार ठेवून वाट बघायची. बावीस मेला रेडिओवाली म्हणाली, "ज्यांचं नाव कॅलेंडरात नाही, त्या सर्वांचा आज नामदिवस."

"म्हणजे क्लबचा," ओयार्स मासा उलटवत म्हणाला. तो आपला नुसता बोलला.

वेल्टाने सुरी खाली ठेवली. मग एप्रन काढला.

"आता कुठे निघालीस?"

"बेकरीत. मोठा क्लिंगेरिस केक सांगायचाय. केशर घालून, बेदाणे घालून."

"अगं, पण क्लब मरायला टेकलाय."

"मरायला टेकलेल्याचा नामदिवस करत नाहीत का? तुझ्या आईचा आपण पाच वर्षं केला."

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. संध्याकाळी लख्ख उजेडात सगळं वेत्राइने दीपगृहाजवळच्या काल्दासच्या भाड्याच्या घराकडे निघालं. कुणाच्या हातात ट्युलिप, कुणाच्या हातात शेजाऱ्याच्या कुंपणावरून मोडलेली लायलॅकची फांदी. पुढे वेल्टा, आणि तिच्यामागे चौघांनी धरलेला कढईएवढा वळणदार केक. कुणी बोलत नव्हतं, कारण काय बोलायचं तेच ठरलं नव्हतं.

काल्दासने सपाता घालून दार उघडलं. बघतो तर अंगणात शे-दोनशे गप्प माणसं फुलं घेऊन उभी. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. तो मागे वळून कितियाला भराभर काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात," कितिया ओठ चावत म्हणाली, "मी सोमवारी जातोच आहे, मला हाकलायला एवढ्या लोकांची गरज नव्हती."

"हाकलायला कोण आलंय?" वेल्टा म्हणाली. "नामदिवसाला आलोय. आत घेणार, की दारातच ठेवणार?"

"कुणाचा नामदिवस?"

"क्लबचा."

"बोलावलं कुणी?"

"ऐका," वेल्टा लोकांकडे वळून म्हणाली. "म्हणे बोलावलं कुणी. कितिया, त्यांना सांग, नामदिवसाला बोलावल्यावर येतो तो पाहुणा नव्हे, तो नळ दुरुस्तीवाला."

कितियाने सांगितलं. काल्दास हबकला, बाजूला सरला आणि गाव आत शिरलं. मावलं नाही ते खिडक्यांत बसलं. घरात खायला होते फक्त सार्डिनचे डबे. ते त्याने फोडले, एकामागून एक. ओयार्सने पावावर एक सार्डिन ठेवली, बराच वेळ चावली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बरी आहे," तो म्हणाला. "आमचीच श्प्रोते, नुसती वाढलीय."

तेवढ्याने लोकांना कंठ फुटला. त्या गलक्यात वेल्टाला धीर आला आणि ती काल्दाससमोर जाऊन उभी राहिली. दोन महिने गावात कुणी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"तुम्ही मला बारा गुलाब दिलेत. मेलं कोण?"

कितियाने भाषांतर केलं. काल्दास गोंधळला. कितियाने पुन्हा समजावलं, या वेळी बोटांवर मोजून, आणि खिडकीतून दिसणाऱ्या दफनभूमीकडे हात करून. हळूहळू त्याचे डोळे मोठे झाले.

"अहो, तो डझन होता," तो कितियाच्या तोंडून म्हणाला. "आमच्याकडे बाईला पूर्ण डझन देतात. अकरा दिले असते तर माझी आईच म्हणाली असती, चिकट्या, एक वाचवलास."

आधी गिंत्स हसला. मग बेकरीवाली भिंतीला टेकून हसत हसत खाली बसली. खिडकीतला एकजण लायलॅकसकट बाहेर पडला आणि तिथूनच हसताना ऐकू येऊ लागला. दोन महिन्यांचं तुंबलेलं हसू होतं ते, आवरता आवरेना. काल्दासही हसला. मग अचानक थांबला.

"साहेब म्हणतात," कितियाचा आवाज खाली आला, "मी रीगाला शब्द दिलाय. सोमवारी ते येणार. मला वाटलं, इथे मी कुणालाच नकोय. माझ्याकडे बघून दोन महिने कुणी हसलं नाही."

"हसणार कसे?" वेल्टा म्हणाली.  "आमच्या क्लबला तुम्ही मयताची फुलं देऊन बसला होतात. आम्ही तुम्हाला भ्यालो होतो, साहेब. हा क्लब गेला तर मला काही उरत नाही, एवढं त्यांना सांग, कितिया. जसं म्हटलं तसंच सांग."

कितियाने सांगितलं. काल्दासने खिशातून फोन काढला, रीगाला लावला आणि तो मागच्या अंगणात गेला. खिडकीतल्या लोकांनी आपण ऐकत नाही असं दाखवायला आकाशाकडे बघितलं. त्याची भाषा कुणाला कळत नव्हती. कळत होती फक्त कितियाला, आणि ती उभी राहून ऐकत होती. मग तिने सुरी उचलली, केकचा सगळ्यात मोठा, बेदाण्यांनी भरलेला तुकडा कापला आणि काल्दासच्या ताटलीत ठेवला. भाषांतराची गरज उरली नाही. ढोलवाले ढोल आणायला घराकडे पळाले.

"आता नाव," काल्दास तोंडभर केक घेऊन म्हणाला. मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. शेवटी त्याने टेबलावर हात आपटला. "शनिवारी बाई माइकवर जे नाव घेतील, ते क्लबचं नाव."

शनिवारपर्यंत वेल्टाच्या घरी माणसांची रीघ लागली. पेल्मेनीवाल्या वर्षाचे बाप्ये आले, साबिनेच्या काळात प्रेमात पडलेली जोडपी आली, ज्यांचे पैसे 'विश्वास'मध्ये बुडाले तेही आले आणि म्हणाले, आमचं तेच ठेवा, नावात काय वाईट होतं. वेल्टाने सगळ्यांना कॉफी दिली आणि कुणालाच शब्द दिला नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी ठेवलेली नावं तिने घेतली होती. आता पहिल्यांदा तिला विचारलं होतं आणि तिला धडकी भरली होती.

शनिवारी मैदान भरलं. वारा समुद्राकडून होता. निवेदनाच्या खोलीतून वेल्टाने पाहुण्या संघाची नावं वाचली, एकेक, स्वच्छ.  तिने माइकचं बटण दाबलं. "मैदानात येत आहेत," ती म्हणाली आणि आवाज फुटेना. जो आवाज पोस्टाच्या भिंतींत मावला नव्हता तो तिच्या घशात मावून बसला.

मग तिने खिडकी उघडली आणि माइक, वायर पुरेल तितका, लोकांच्या दिशेने बाहेर धरला.

"झ्वेयनिएक्स," ओयार्स कुठूनतरी ओरडला. "साबिने," दुसऱ्या बाजूने आलं. "गरम पेल्मेनी." "विश्वास." गाडीच्या नंबरासारखं ते नावसुद्धा कुणीतरी अक्षर न चुकवता ओरडलं. सगळी नावं एकमेकांवर चढली आणि भोंग्यांतून गावावर, बंदरावर पसरली. पाहुणे खेळाडू एकमेकांना विचारू लागले, आज आपल्याविरुद्ध संघ किती आहेत. अकराजण धावत मैदानात आले, आणि ज्याला जे नाव येत होतं ते घेऊन लोक उभे राहिले.

माइक अजून चालूच होता. त्यामुळे वेल्टा झुटेरे रडली तेही सगळ्या वेत्राइनेने ऐकलं.