गाडी बंद कर, ताई

नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा म्हणून गॅरेजवाल्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. पण चार वर्षांपूर्वी त्याचा अंदाज एकदा चुकला आणि तेव्हापासून त्याने धसकाच घेतला होता. एका शिक्षिकेने विचारलं होतं, "टायमिंग चेन आता बदलू की सहा महिन्यांनी?" इंजिनाचे वरचे-खालचे भाग एका तालात फिरवणारी ती साखळी. ढिली झालेली त्याला दिसत होती, तरी तो बोलून गेला, "काढा की सहा महिने." तिसऱ्याच आठवड्यात ती उतारावर तुटली. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. बाई वाचल्या, पण हातात कायमची काठी आली. त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. त्यानेच तो जास्त खचला.

आज सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. "निघतोय रे आम्ही. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन." हॉस्पिटल डोंगरापलीकडे होतं. बोलता बोलता तिने गाडी सुरू केली आणि फोनमधून खडखडाट आला, डब्यात खिळे हलवावेत तसा.

"ताई, हा आवाज कधीपासून?"

"सकाळी करते थोडी कुरकुर. मग गप्प बसते. तुझ्या दाजींसारखीच."

"गाडी बंद कर."

"अकराला आत घेणार आहेत त्यांना. आल्यावर दाखवते."

फोन बंद. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन उचलत नसे. ती शिस्त त्यानेच लावली होती.

गॅरेज उघडंच टाकून तो स्वतःच्या गाडीने निघाला. चढावर प्रत्येक वळणाला त्याची नजर आधी कठड्याकडे जाई, मग रस्त्याकडे. एके ठिकाणी कठडा वाकलेला दिसला. तो गंजलेला होता, जुना होता, तरी त्याने गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं.

चढ संपतो तिथे गाडी उभी होती. दाजींना मळमळलं म्हणून ताई थांबली होती, इंजिन चालूच. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. "माझ्या गाडीत बसा," एवढंच म्हणाला.

दुपारी तिची गाडी ओढून आणली. इंजिनाचं झाकण काढलं तर साखळीला आधार देणारी पट्टी मोडून खाली पडलेली, आणि लोंबत्या साखळीने झाकणाला आतून बोटभर लांब चर पाडलेला.

संध्याकाळी ताईने त्या चरावरून बोट फिरवलं. "अजून किती चालली असती रे?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

त्याने झाकण तिच्यासमोरून ओढून घेतलं. बाकावर दाजी डोळ्याला पट्टी लावून बसले होते. ते म्हणाले, "मला यातलं काही दिसलं नाही, तेच बरं."

ताई हसली. त्यालाही हसायचं होतं, पण नजर त्या चरावरच होती. त्याने हातातला पाना हळूच खाली ठेवला.