बाजूला ठेवलेला डबा

आईचा डबा मला गराजमध्ये दिसला. डीप फ्रीझरच्या वर, रंगाच्या जुन्या डब्यांशेजारी. झाकण तसंच घट्ट. आत बेसनाचे लाडू. आदल्या दिवशी शिफ्टवरून आल्यावर, पाय सुजलेले असताना, तिने उभं राहून बेसन भाजलं होतं. आणि आत टेबलावर चकल्या होत्या, करंज्या होत्या, ट्रायफलचं पुडिंग होतं, कुणीतरी दुकानातून आणलेला केकसुद्धा होता. लाडू नव्हते.

मला कोकच्या बाटल्या आणायला पाठवलं होतं. मी बाटल्या घेतल्या आणि आत आले. त्या टेबलावर ठेवल्या. मी लहान होते, पण बावळट नव्हते.

घर डॉक्टरांचं. इंग्लंडातल्या लेस्टरच्या कडेला, ओडबीत, पुढे-मागे बाग असलेलं. ज्या हॉस्पिटलात आई म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्सिंग ऑक्झिलरी होती, म्हणजे बेडपॅन उचलायची, अंगं पुसायची, त्याच हॉस्पिटलात हे कन्सल्टंट, मोठे डॉक्टर. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लेस्टरमध्ये गुजराती रग्गड, मराठी घरं थोडी. म्हणून दिवाळीला सगळ्यांना बोलावणं असायचं. त्यात आम्हीही.

डबा गराजमध्ये कसा गेला ते सांगते. आल्या आल्या डॉक्टरांच्या बायकोने, त्यांना मी काकू म्हणायचे, सगळ्या बायकांसमोर आईला विचारलं होतं, "वहिनी, तुमचं कुलदैवत कुठलं हो?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर'. त्यावरून काही पत्ता लागत नाही. मग आपली माणसं हा प्रश्न विचारतात. हसत विचारतात, हातात चिवड्याची वाटी देता देता विचारतात. जात विचारली असं कुणी म्हणायला नको. आई चाचरली. मी पटकन सांगून टाकलं, "आमच्याकडे देव नाहीत. आम्ही बौद्ध आहोत." शाळेत धर्माच्या तासाला मी हेच सांगितलं होतं तर टीचर 'लव्हली' म्हणाली होती. इथे कुणी लव्हली म्हणालं नाही. काकू म्हणाल्या, "हो का? छान." आणि आईच्या हातातला डबा घेऊन आत गेल्या.

पुढच्या दिवाळीला काकूंचा फोन आला. "वहिनी, तुम्ही काही करत बसू नका हं. तुमच्या ड्युट्या असतात. तुम्ही आपल्या पेपर प्लेट्स आणा."

किती काळजी! शिवी दिली असती तर परत देता आली असती. या काळजीचं काय करायचं? आई प्लेट्स घेऊन जायची. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या. होजिअरी फॅक्टरीत मशीनवर राबणारे माझे बाबा एकदाच त्या घरी आले, नंतर कधीच आले नाहीत. ते आईला म्हणायचे, "कशाला जातेस तोंड वर करून?" आई म्हणायची, "चार माणसं मराठी बोलतात तिथे. मला ऐकायला बरं वाटतं."  

लंडनच्या युनिव्हर्सिटीत मी चायनीज घेतलं ते रागानेच. त्या दिवाणखान्यापासून सगळ्यात लांब काय आहे ते शोधत होते. ए लेव्हल, म्हणजे आपली बारावी, झाल्यावर काकूंच्या घरी सगळ्या मुलांना कोण काय करणार ते विचारणं चाललं होतं. मेडिसिन. मेडिसिन. लॉ. डेंटिस्ट्री. माझी पाळी आली. "चायनीज," मी म्हणाले.

"चायनीज? अगं, म्हणजे टेकअवेचं दुकान काढणार की काय?" काकू म्हणाल्या आणि सगळं घर हसलं.

डॉक्टरकाका हसले नाहीत. ते भले माणूस. त्यांनी मला समजावलं. "काहीतरी सॉलिड कर, बेटा. नर्सिंगमध्ये जा. तुझ्या आईचीच लाइन आहे."

आईचीच लाइन. सात समुद्र ओलांडून आलो आणि इथेही आईच्या कामावरून लेकीचं काम ठरतंय. मी आईकडे पाहिलं. ती मान डोलवत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तिसऱ्या वर्षी कोर्सचा भाग म्हणून आम्हाला चीनला पाठवलं. शीआनला. मला वाटलं होतं, सुटले. या भाषेत मला ओळखणारं कुणी नाही, या भाषेत माझ्यासाठी शब्द तयार नाही. मी वेड्यासारखी अक्षरं गिरवायचे. बोटाला घट्टे पडले. एकेका शब्दाचा सूर लागावा म्हणून कपडे धुताना मोठ्याने बोलायचे. वर्गातली गोरी पोरं बिअर प्यायला गेली की मी बाजारात जायचे, भाजीवाल्यांशी हुज्जत घालायला.

पण सुटका वगैरे काही नसते. ट्रेनमध्ये लाकडी बाकावर बसून मी लांब लांब फिरले, आणि प्रत्येक डब्यात तेच. लोक सूर्यफुलाच्या बिया हातावर ठेवायचे, मग विचारायचे, कुठली? मी म्हणायचे, इंग्लंडची. "खोटं. इंग्रज गोरे असतात." एकदा एका बाईने माझं मनगट बोटाने घासून पाहिलं, रंग जातो का ते. मी तिला चायनीजमध्ये सांगितलं, "धुऊन जात नाही. आम्ही प्रयत्न केलाय." डबा हसला. मीही हसले. पण आत काहीतरी धुमसत राहिलं.

आणि हॉस्टेल. परदेशी विद्यार्थ्यांची इमारत वेगळी, जेवणाचा हॉल वेगळा. तिथे मांस जास्त, भात पांढरा. चिनी मुलांना त्या हॉलमध्ये यायची परवानगी नव्हती. दारावर एक म्हातारा बसायचा, तो कुणाला आत सोडायचा नाही. आमच्यातल्या इंग्लिश पोरांना त्याची गंमत वाटायची. मला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दाराच्या आतल्या बाजूला बसले होते, आणि तिथूनही मला बाहेरचेच दिसत होते. मी इनॅमलचा वाडगा घेऊन त्यांच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहायला लागले. कोबी आणि वाफवलेला पाव. पोट बिघडलं, पण डोकं जरा शांत झालं.

आमच्या शिक्षिकेने ते पाहिलं. लिन लाओशी. लाओशी म्हणजे बाई, आपण शाळेत म्हणतो तसं. चाळिशीच्या, कडक, हसण्यात कंजूष. चिनी नव्या वर्षाच्या सुट्टीत सगळे परदेशी हाँगकाँगला पळाले. त्या मला म्हणाल्या, "तू आमच्या घरी चल. माझ्या आईकडे."

रिकाम्या हाताने जायचं नाही हे मला माहीत होतं. आईने लेस्टरहून पार्सल पाठवलं होतं. बिस्किटांच्या टिनच्या डब्यात शंकरपाळ्या. मी एकही खाल्ली नव्हती. तोच डबा घेतला.

छोटं गाव, दोन खोल्यांचं घर, मधे कोळशाची शेगडी. लाओशींच्या आईने मला दारातच धरलं. ठेंगणी, हातावर सुरकुत्याच सुरकुत्या. मी डबा पुढे केला. ती "नको, नको" म्हणाली. मी परत पुढे केला. परत "नको, नको." शेवटी दोन्ही हातांनी घेतला आणि, झाकण न उघडता, कपाटाच्या वर ठेवून दिला.

माझं तोंड कडू झालं. इथेही?

जेवायला बसलो. टेबलावर अख्खा मासा, डुकराचं मांस, टोफू, मोमोसारखे जाओझ. सगळ्यांच्या जेवायच्या काड्या त्याच ताटल्यांत. माझी नजर कपाटावर. म्हातारीने आपल्या तोंडातल्या काड्यांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढला आणि माझ्या वाडग्यात ठेवला. आणि माझ्या आत शब्द उठला. उष्टं.

मी हादरले. उष्टं? मला? आमच्या घरात सगळी माणसं एकाच ताटात जेवलेली. हा शब्द माझ्या पोटात कुणी ठेवला? ओडबीच्या त्या दिवाणखान्याने. मी त्यांना शिव्या देत इतकी वर्षं जगले, आणि त्यांचं सोवळं माझ्याच पोटात बसून राहिलं होतं. इतका राग आला की मासा मी काट्यासकट गिळला असता. तो तुकडा खाल्ला. आणि मग काड्या खाली ठेवल्या आणि मोडक्यातोडक्या चायनीजमध्ये विचारलं, "माझ्या आईने केलेलं तुम्ही बाजूला का ठेवलं? ते घाण आहे का?"

 बाहेर फटाके चालू होते.

लाओशींना कळायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "पाहुण्यासमोर भेट उघडली तर घरचे लोक हावरे दिसतात. पाहुणा गेल्यावर उघडायची. तसा आमच्याकडे नियम आहे. तुमच्याकडे काय आहे?"

आमच्याकडे काय आहे! मी सांगायला लागले. बौद्ध हा शब्द मला येत होता, बाकीच्याला शब्द नव्हते. "काही लोकांच्या हातचं काही लोक खात नाहीत," एवढंच सांगता आलं. "जन्मामुळे." लाओशींनी ते आईला सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिने माझं सांत्वन वगैरे केलं नाही. उठली, स्टुलावर चढली, डबा खाली काढला. लाओशी म्हणाल्या, "आई, पाहुणी बसलीय." म्हातारी म्हणाली, "बसू दे." झाकण उघडलं, मूठभर शंकरपाळ्या तोंडात कोंबल्या, आणि उरलेला डबा घेऊन शेजारच्या घरात वाटायला निघून गेली.

मी रडले. चांगली हमसून रडले. प्रेमाने वगैरे नाही. संतापाने. सणाच्या दिवशी, परक्या पोरीसाठी, आयुष्यभराची रीत त्या बाईने स्टुलावर चढण्याइतक्या वेळात मोडली. कुणी मेलं नाही. छप्पर कोसळलं नाही. म्हणजे रीत मोडता येते. ज्यांना मोडायची नसते ते म्हणतात, आमचं असंच असतं.

परत आले तेव्हा वारं फिरलं होतं. चायनाला स्कोप आहे असं पेपरात यायला लागलं होतं. डॉक्टरकाकांचा फोन आला. "अगं, आपल्या दिवाळीला चायनावर टॉक दे. सगळ्यांना ऐकायचंय. आपली मुलगी आहेस." आई हरखली. त्या दिवशी तिने हिरवी साडी काढली, दोनदा इस्त्री केली.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या. काकूंनी मला जवळ घेतलं. "किती बारीक झालीस! आधी जेवून घेऊ, मग तुझं चायना." आणि माझ्या डोक्यावरून मागे बघत, "वहिनी, प्लेट्स आणल्यात ना?"

आईने पिशवी पुढे केली. हसून.

"काकू," मी म्हणाले, "आमच्या घरचं तुम्ही का खात नाही?"

"अगं, काहीतरीच काय! आम्ही असलं काही मानत नाही."

"मग पुढच्या दिवाळीला आई करेल. सगळ्यांचं. तुम्ही प्लेट्स आणा."

कुणीतरी खाकरलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "हा विषय इथे कशाला? वी आर इन इंग्लंड."

"मी साधं विचारतेय. खाल का?"

आईने माझा दंड धरला. "गप बस." मी काकूंकडे बघत होते.  त्यांनी एक हो म्हणायचं होतं. खोटं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

"ज्या घरात माझ्या आईच्या हातचा घास चालत नाही, तिथे माझं चायनीजपण चालणार नाही," मी म्हणाले आणि कोट घेऊन निघाले. वळून पाहिलं. आई आली नाही. ती प्लेट्सचं प्लास्टिक फाडत होती.

मी चालत घरी गेले. ओडबीपासून आमच्या बेलग्रेव्हच्या गल्लीपर्यंत, पावसात, चांगली लांब. वाटलं होतं छाती फुगेल. फुगली नाही. आईला कुणीतरी गाडीने सोडलं. ती आली, बूट काढले, आणि कोट अंगात असतानाच बोलली.

"तू उठून आलीस. त्यांचं काय गेलं? जेवले की ते. दोनदा घेतली खीर. तू उद्या लंडनला जाशील. मला सोमवारी त्याच वॉर्डात डॉक्टरांपुढे उभं राहायचंय."

"मग तू का बसलीस तिथे?"

"मी का उठू?" आई म्हणाली. "मी काय चोरी केलीय?"

मी भांडले. तिला लाचार म्हणाले, गुलाम म्हणाले, पुस्तकातले सगळे शब्द वापरले. ती भांडी घासत राहिली. ती पुढेही त्या घरी जात राहिली, प्लेट्स घेऊन. ते मला आजही पटलेलं नाही, आणि तिला माझं. पण तिचा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

आता मी लंडनमध्ये दुभाषी आहे. चिनी व्यापारी आणि इंग्लिश वकील यांच्या मधे बसते, दोघांचंही ऐकते. मराठी घरांतून बोलावणी येतात. ईलिंगहून येतात, रीडिंगच्या नव्या कॉम्प्युटरवाल्या जोडप्यांची येतात. मी जाते. हो, जाते. कुणी आडून आडून विचारायची वाट बघत नाही. कोट काढायच्या आधी, पाण्याचा ग्लास यायच्या आधी, स्वच्छ मराठीत सांगते मी कोण आहे, माझे आईबाप कोण आहेत, आणि तुमच्यातले कोण आमच्या हातचं खात नव्हते. चेहरे पडतात. पडू देत. मग मी खुर्ची ओढते आणि पंगतीच्या बरोबर मधे बसते.

ज्याचा घास अडेल त्याने उठावं. मी उठणार नाही.