स्योम्बुआच्या नावाचं झाड

आमच्या किब्वेझी गावचे मुन्योकी मास्तर माणसांत लाजरे, पण झाडांपायी काट्याकुट्यांत शिरणारे. एकदा टेकडीमागच्या खडकात त्यांना रानटी स्नेक प्लांट दिसलं. पानं आखूड, चपटी, खरखरीत, जमिनीलगत पसरलेली. कडेला तांबडी रेघ. आमच्या बायका ज्याच्या वाखाचे दोर वळतात, त्या स्नेक प्लांटची पानं गोल, भाल्यासारखी उंच. हे निराळंच वाटलं.

मास्तरांनी पुस्तकं पालथी घातली, कुठंच जुळेना. खरं तर फूल येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण तेवढा धीर त्यांना धरवला नाही. पानांवरूनच वर्णन लिहून त्यांनी नैरोबीच्या एका मासिकात नवी जात म्हणून छापलं. जातीला नाव दिलं आईचं, स्योम्बुआ.

गावानं बोकड कापला. मास्तरांनी खडकातलं एक रोप आणून आईच्या अंगणात लावलं. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून ते दाखवायची.

दोन वर्षांनी आई म्हणाली, "मुन्योकी, तुझ्या झाडाला काय झालंय बघ रे. मधूनच काठी फुटलीय."

मास्तर वाकले. चपट्या पानांमधून गोल, टोकदार पान वर आलं होतं. दोराचंच झाड! ज्याला ते नवी जात म्हणाले, ते त्याचं बाळपण होतं. त्यांचे कान तापले. हात आपसूक त्या पानाकडे गेला.

"उपटतोस कशाला? माझं नाव आहे त्याला."

"नाही गं आई. चुकलो मी. हे आपलं नेहमीचंच आहे."

म्हातारीनं शेजारच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता त्या कावाताला काय सांगू? शेजारीण आधीच जळते माझ्यावर."

"मी सांगतो सगळ्यांना."

"तू मासिकात लिही. कावाताचं मी बघते."

मास्तरांनी लिहिलं. चुकीची कबुली छापून आली. त्या रविवारी चर्चबाहेर कावातानं मायलेकांना गाठलंच. "काय गं मुन्योकीच्या आई, तुझ्या नावाचे दोर कधी वळायचे?"

बायका फिदीफिदी हसल्या.

"माझा लेक चुकला, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं," म्हातारी कडाडली. "तुझा लेक अजून सांगतोय, दुसऱ्याची शेळी आपणहून त्याच्या गोठ्यात आली म्हणून!"

आता हसू कावातावर उलटलं. मास्तरांना मात्र मान वर करवेना. या वयात आईला आपल्यासाठी चारचौघांत भांडावं लागलं, हे त्यांना छापलेल्या चुकीहून जास्त लागलं. घरी जाताना आई त्यांच्यासाठी दोनदा थांबली, पण ते तिच्या बरोबरीनं चाललेच नाहीत.