कॅनडासाठी थंड पाण्याची तालीम

“हे अँजायना आहे,” डॉक्टर म्हणाले आणि मी पर्समधून वही काढून शब्द लिहून घेतला. स्पेलिंगही विचारलं. इतकी शांत पेशंट क्वचित येते, असं ते म्हणाले. मी शांत नव्हते. अँजायना म्हणजे हृदयालाच रक्त अपुरं पडलं की छातीत उठणारी कळ. माझ्या मनात एकच प्रश्न होता, आता तुमच्याकडे कॅनडाला येता येईल की नाही?

मिनू, नंदू, तुमची आजी हे मुद्दाम लिहिते आहे. चूक माझी होती, पण घराण्याचं वळण पाहता तुम्हीही ती कराल.

कलकत्त्याच्या थंडीला हसायची आपल्या घरात जुनी पद्धत. शेजारचे बिमलबाबू नोव्हेंबर लागला की माकडटोपी चढवतात. आजोबा गॅलरीतून रोज विचारतात, “काय बिमलबाबू, आज बर्फ पडणार?”

तुमच्या बाबाचं पत्र आलं, ‘फेब्रुवारीत ये, खरा बर्फ बघ.’ मी लगेच सवय करायला घेतली. रोज पहाटे गच्चीवरच्या टाकीचं गार पाणी, थेट डोक्यावरून. तारीख, वेळ, किती तांबे, सगळं वहीत. नवव्या दिवशी तिसऱ्या तांब्याला छातीवर कुणी पाट टाकून बसल्यासारखं झालं. वहीत लिहिलं, ‘अपचन’. अकराव्या दिवशी पुन्हा ‘अपचन’, आणि डावा हात जड.

ते पान आजोबांनी वाचलं. ते तडक शेजारी गेले आणि बिमलबाबू टॅक्सी घेऊन आले.

इस्पितळात आधी ईसीजी झाला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर उमटणारा आलेख. मग दोन दिवस बाकावर वाट पाहणं. संत्री सोलून मी अख्ख्या रांगेला वाटली. तिसऱ्या दिवशी अँजायना हे नाव मिळालं आणि गार पाण्याचा प्रताप दाखवायला डॉक्टरांनी कोल्ड प्रेसर टेस्ट केली. एक हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात, दुसऱ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा. बोटं भाजल्यासारखी झाली. रक्तदाब एकशे चाळीसवरून एकशे नव्वदवर गेला. मिनिट पुरं व्हायच्या आतच डॉक्टरांनी माझा हात बाहेर काढला.

बिमलबाबू टोपी घालून माझी पर्स सांभाळत उभे होते. ते तीस वर्षं रोज तळ्यात पोहतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांनाही हात बुडवायला लावला. बिमलबाबू सिस्टरना मोहरी वाटून इलिश मासा कसा करायचा ते सांगत राहिले. रक्तदाबाचा काटा जेमतेम हलला.

गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात, डॉक्टरांनी समजावलं, आणि हृदयाला अर्धवट मिटलेल्या दारांवर धक्के मारावे लागतात. रोजच्या व्यायामाचं, थंडीला सरावलेलं हृदय ते काम गडबड न करता उरकतं. बिनसवयीचं हृदय घाबरून धावत सुटतं, आणि त्यात दुखणं असेल तर कळ येते.

“यांनी ही सवय उन्हाळ्यापासून हळूहळू लावली, तीस वर्षांपूर्वी,” ते म्हणाले. “तुम्ही पंधरा दिवसांत लावणार होतात, तांब्याने.”

मी कॅनडाचं विचारलं. फेब्रुवारी विसरा, मेमध्ये बघू, एवढंच उत्तर मिळालं.

खाली उतरताना बिमलबाबू म्हणाले, “बौदी, मी पाण्याला भीत नाही. वाऱ्याला भितो.” बौदी म्हणजे वहिनी. त्यांच्या टोपीवर वीस वर्षं हसल्याची मला प्रथमच लाज वाटली.

तेव्हापासून कोमट पाणी, जिभेखाली ठेवायची गोळी जवळ आणि सकाळी तळ्याकाठी फेरी. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या बाकापर्यंत, एप्रिलअखेर पूर्ण फेरी. थंडी संपेपर्यंत डोक्यावर बिमलबाबूंच्या पत्नीने विणलेली माकडटोपी. आजोबांनी गॅलरीतून एकदाच विचारलं, “आज बर्फ पडणार?” त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

काल डॉक्टरांनी छाती तपासली, वही वाचली आणि ‘जा’ म्हणाले. जूनमध्ये निघते. पहिला बर्फ पडेपर्यंत राहायचीही परवानगी आहे, अट एकच, डोकं आणि नाक झाकायचं. टोपी बॅगेत सगळ्यात वर ठेवली आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण तुमच्या दोघांच्याही विणून झाल्या आहेत.