खसखशीचा शोध

आमच्या यूटलंडच्या संग्रहालयात प्रेबेन स्काउबो नावाचे एक गृहस्थ आहेत. संशोधक म्हणवतात. म्हणवू दे बापड्याला! मी त्याला ओळखते ते सूक्ष्मदर्शकापाशी बसून जेवणारा म्हणून. आमच्याकडची निळी खसखस लावलेला पाव, त्यावर बोटभर लोणी, आणि चावता चावता डोळा भिंगाला.

"अरे, इथे खाऊ नकोस," मी किती वेळा सांगितलं.

"बोडिल, तू आपली प्रयोगशाळेतली भांडी धू. मला अक्कल शिकवू नकोस."

भिंगाखाली असायचं ते दलदलीत सापडलेल्या एका मुलीच्या आतड्यातलं अन्न. दोन हजार वर्षं त्या काळ्या चिखलाने तिचं शेवटचं जेवण सांभाळलं. आधीच्या लोकांनी तपासून तपासून बरंचसं संपवलं होतं, चमचाभर उरलं होतं. मरायच्या दिवशी पोरीला धड लापशी मिळाली, की दुष्काळात रानातलं बी उकडून तिच्यापुढे ठेवलं? मला ते कळायलाच हवं होतं. तिचे केस मी माझ्या हातांनी साफ केलेत.

नियम असा, की अर्धं राखून ठेवायचं. पण प्रेबेनसाहेबांना विभागप्रमुख व्हायची घाई! सगळं एकदम पाण्यात कालवून चाळलं आणि लगेच जाहीर केलं: मुलीला खसखस चारून गुंगवलं, मग बळी दिला. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला, छाती पुढे काढून.

आमच्या संचालिका तोवेबाईंनी मग स्वतः भिंगातून पाहिलं.

"प्रेबेन, दलदलीत दाणा तपकिरी होतो. हा निळा कसा?"

"चांगला टिकलाय."

"त्याला लोणी लागलंय."

"लोणी काय, तेव्हाही होतंच की!"

शरम म्हणून नाही माणसाला! तोवेबाईंनी डोळे मिटले. "तुझ्या पावाचा चुरा पडलाय सगळ्यात. यातलं तिचं काय नि तुझं काय, कसं वेगळं करायचं? जाऊ दे. राखून ठेवलेलं आण, पुन्हा तपासू."

"राखलेलं नाही. होतं तेवढं सगळं घेतलं."

"आणि चाळून खाली उतरलेलं?"

"ते मोरीत ओतलं."

मला रडू आलं, त्याच्यासमोर आलं याचाच जास्त संताप झाला.

त्याने कोट झटकला. "एवढं काय मनाला लावून घेता? पोटभर जेवली होती, असं लिहून टाकू."

लिही मेल्या, काय वाटेल ते लिही. पोर उपाशी गेली की जेवून, ते आता कुणालाच कधी कळणार नाही.