मॉरीच्या पूलचं चौथं तिकीट

ईस्टरच्या सुट्टीत आमचं सिडनीतलं अर्धं केलीव्हिल उपनगर समुद्रावर, गोल्ड कोस्टला पळतं. आम्ही निघालो आतल्या भागात, कापसाच्या शेतांतल्या मॉरी गावाला. माझी नऊ वर्षांची ईरा शाळेत तिथल्या स्विमिंग पूलबद्दल शिकून आली होती आणि हट्टाला पेटली होती. नवरा समीर होताच, आणि पुण्याहून आलेले माझे बाबाही सोबत. निवृत्त मुख्याध्यापक, वय बहात्तर, जन्मात कधी पाण्यात न उतरलेले. सिडनीच्या प्रत्येक बीचवर त्यांचं एकच वाक्य: "तुम्ही जा, मी टॉवेल सांभाळतो." खरं सांगते, मला त्या वाक्याचा राग यायचा.

गाडीने आठ तास धरा. टॅमवर्थला पेट्रोल भरून घ्या आणि उजेडातच पोचा, अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात. आम्ही थालीपिठांवर निभावलं. मोटेल साधंच, पण एकशे साठ डॉलरमध्ये चौघांची झोप झाली.

सकाळी पूलच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन पाहिलं. माहिती द्यायला बाबांच्याच वयाच्या एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी, बाई होत्या. अशा ज्येष्ठ बायकांना इथे सगळे मानाने आंटी म्हणतात. त्यांच्या लहानपणी त्यांच्या लोकांना या पूलमध्ये बंदी होती. मग सिडनीहून युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांची बस आली आणि ती मुलं इथल्या ॲबोरिजिनल पोरांना घेऊन दारात उभी राहिली. लोकांनी अंडी मारली, टोमॅटो मारले. ती हलली नाहीत. शेवटी बंदी उठली.

"पण आजोबा, व्हाय डिडन्ट दे जस्ट गो इन?" ईराने विचारलं.

बाबांनी तिला बाकावर जवळ बसवलं. "माझ्या वर्गातली पोरं गावच्या विहिरीत उड्या मारायची. आमच्या जातीला काठावरही उभं राहू देत नसत. मी लांब बसून त्यांच्या म्हशी राखायचो."

गावात काय चालायचं ते मला माहीत होतं. या म्हशींबद्दल मात्र बाबा कधी बोलले नव्हते. इतकी वर्षं मी त्यांना भित्रे म्हणून चिडवत होते. मला रडू आलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबांनी उठून आंटींना विचारलं, त्यांच्या ठेवणीतल्या इंग्रजीत, की नंतर तुम्ही उतरलात का?

"एव्हरी आर्वो, मेट," आंटी हसल्या. "रोज दुपारी, बोटं सुरकुतेपर्यंत."

तिकिटाच्या खिडकीवर मी सवयीने तीन म्हणाले.

"चार काढ," मागून बाबा म्हणाले.

समीरची जादा चड्डी नाडी आवळून बाबांना बसवली. जमिनीतून येणारं गरम पाणी, छातीपर्यंतच खोल, पोहता येत नसलं तरी चालतं. ईराने त्यांचा हात धरला होता. "स्लोली, आजोबा. आय हॅव गॉट यू." शेवटच्या पायरीवर ते क्षणभर थांबले आणि उतरले. मग आमच्या मुख्याध्यापकांनी दोन्ही हातांनी जे पाणी उडवायला सुरुवात केली! समीर भिजला, ईरा भिजली, पलीकडचा एक अनोळखी गोरा म्हाताराही भिजला.

"सॉरी सर," बाबा म्हणाले.

"नो वरीज, मेट," म्हातारा म्हणाला आणि त्यानेही उलट पाणी उडवलं. दीड तास बाबा बाहेर यायला तयार नव्हते. इतके मोठ्याने हसताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते.

परतीच्या वाटेत ते घोरत होते. आता शनिवारी सकाळी केलीव्हिलच्या पूलवर त्यांचा पोहण्याचा क्लास असतो, ईराच्या शेजारच्या लेनमध्ये. अजून नुसतं तरंगणंच चाललंय, नाकातोंडात पाणी जातं, पण वेळ संपली तरी निघत नाहीत. मी काठावर बसते आणि टॉवेल सांभाळते.